घरच्या पावाचे ग्रंथगुरू

बदलीच्या नोकरीत बिऱ्हाड हलवताना सर्वांत जड भरतात ती पुस्तकांची खोकी. गेल्या दोन बदल्यांत माझ्याजवळ पाककलेची चारच पुस्तके उरली असून ती चारही पावाची आहेत. मैदा, पाणी, मीठ आणि यीस्ट एवढ्याच सामग्रीतून, सावकाश आंबवून, हाताने घडवलेला, जाड खरपूस कवचाचा जो पाव ‘आर्टिसन ब्रेड’ म्हणून ओळखला जातो, तो घरी करण्यासाठी प्रथम कोणते पुस्तक घ्यावे, असे सहकारी वारंवार विचारतात.

नवशिक्यांनी जिम लेही यांच्या ‘माय ब्रेड’पासून (२००९) आरंभ करावा. न्यूयॉर्कच्या या बेकरीचालकाची न मळता करावयाच्या पावाची कृती २००६ च्या नोव्हेंबरात ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली व जगभर पसरली. ४०० ग्रॅम मैदा, ३०० ग्रॅम पाणी, ८ ग्रॅम मीठ आणि १ ग्रॅम यीस्ट, म्हणजे सुमारे पाव चमचा (श्लेष अभिप्रेत नाही), कालवून झाकून ठेवायचे. ओलसर पिठात प्रथिनांचे जाळे कालांतराने आपोआप विणले जाते. मग कडकडीत तापवलेल्या, झाकणाच्या जड भांड्यात ते भाजायचे. पिठाचीच वाफ आत कोंडल्याने कवच उशिरा कडक होते आणि पावाला फुगण्यास अवधी मिळतो. भांडे घेण्यापूर्वी आपल्या ओटीजीचे माप अवश्य घ्यावे. माझे पहिले भांडे अखेर भाताच्या कामी आले.

माझा पहिला प्रयत्न मात्र साफ फसला. पुस्तकात बारा ते अठरा तास सांगितले होते, म्हणून मे महिन्यातील रात्री पीठ ओट्यावर ठेवून मी निर्धास्त झोपलो. सकाळी पाहतो तो पीठ फुगून खाली बसलेले, आंबूस आणि पळीवाढे! दोष पुस्तकाचा नव्हता. तो कालावधी सुमारे २२ अंश सेल्सिअसच्या खोलीसाठी होता. आमच्या चेन्नईच्या स्वयंपाकघरात त्या रात्री ३३ अंश होते.

या कोड्याचे उत्तर केन फोर्किश यांच्या ‘फ्लोर वॉटर सॉल्ट यीस्ट’मध्ये (२०१२) मिळाले. काळ आणि तापमान हेही पावाचे घटकच आहेत, असे ते मानतात. तेव्हापासून उन्हाळ्यात मी थंड पाणी घेतो, यीस्ट निम्मे करतो आणि घड्याळापेक्षा पिठाकडे पाहतो. रात्रीचा मुक्काम फ्रिजमध्ये. बेकरीवाल्यांची टक्केवारीही याच पुस्तकात नीट उमगली. मैदा शंभर धरून बाकी सारे त्याच्या प्रमाणात मांडायचे. लेहींच्या कृतीत पाणी ७५ टक्के, मीठ २ टक्के. आपला मैदा बहुधा कमी प्रथिनांचा व कमी पाणी शोषणारा, म्हणून मी पाणी ६६ टक्क्यांवर आणले. ताळेबंद वाचणाऱ्यांना ही रीत विशेष रुचेल.

नोकरदारांच्या सोयीचे पुस्तक म्हणजे जेफ हर्ट्झबर्ग आणि झोई फ्रान्स्वा यांचे ‘आर्टिसन ब्रेड इन फाइव्ह मिनिट्स अ डे’ (२००७). त्यातील सैलसर पीठ फ्रिजमध्ये दोन आठवड्यांपर्यंत टिकते. लागेल तेव्हा गोळा तोडून भाजावा. शीर्षकातील पाच मिनिटांत आंबण्याचा व भाजण्याचा वेळ धरलेला नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

चॅड रॉबर्टसन यांचे ‘टार्टीन ब्रेड’ (२०१०) चौघांत देखणे, पण ते शेवटी घ्यावे. त्यातील मूळ पाव घरी जोपासलेल्या आंबवणावर उभा आहे आणि आंबवणाला नियमित खाऊ घालावे लागते. मार्चअखेरच्या हिशेबांत माझे एक आंबवण उपासमारीने गेले.

पुस्तकाआधी डिजिटल वजनकाटा मात्र घ्यावा. कपात मैदा सैल भरला की दाबून, यावर त्याचे वजन बदलते, आणि मग टक्केवारीचा सारा हिशेबच कोलमडतो.