समोर बसून उत्तर देणारी माणसं

एप्रिल २०२५मध्ये ‘अल हुर्रा’चं टीव्ही प्रक्षेपण थांबलं. अमेरिकी सरकारच्या पैशावर चालणारी ही अरबी वाहिनी. ट्रम्प प्रशासनाने अनुदान तोडलं आणि बहुतेक कर्मचाऱ्यांना घरी पाठवण्यात आलं. त्याआधी, जानेवारी २०२३मध्ये, बीबीसीचा अरबी रेडिओ पंच्याऐंशी वर्षांनंतर बंद पडला होता. ‘अल हुर्रा’ गेल्याचं मला दुःख नाही, बीबीसीचा रेडिओ गेल्याचं आहे. पण दोन्ही बातम्यांत एकच गोष्ट बोचली. परक्या माणसाशी त्याच्या भाषेत बोलण्याची सरकारांना आता फारशी गरज उरलेली नाही.

जुना इतिहास थोडक्यात सांगतो. मुसोलिनीच्या इटलीने १९३४मध्ये बारीहून रेडिओवर अरबीत प्रचार सुरू केला. त्याला उत्तर म्हणून ३ जानेवारी १९३८ला लंडन अरबीत बोलू लागलं. १९५३मध्ये कैरोहून ‘सौत अल-अरब’ हे रेडिओ केंद्र आलं, आणि जून १९६७च्या युद्धात पराभव होत असताना विजयाच्या बातम्या देऊन त्याने आपली पत घालवली. नंतरच्या सरकारी वाहिन्यांवर राजे एकमेकांचं स्वागत करताना दिसत. तिथे रेंगाळण्यासारखं काही नाही.

१ नोव्हेंबर १९९६ला कतारमध्ये, दोह्यात, ‘अल जझीरा’ सुरू झाली. सौदी भांडवलावरची बीबीसीची अरबी टीव्ही वाहिनी त्याच वर्षी गुंडाळली गेली होती. तिथले कसलेले पत्रकार ‘अल जझीरा’ने घेतले. इस्रायली प्रवक्तेही तिच्यावर बोलू लागले. आणि मग ११ सप्टेंबर २००१ उजाडला.

पुढचं दशक मी एका मराठी दैनिकाच्या परदेशी बातम्यांच्या टेबलावर काढलं. ऑक्टोबर २००१मध्ये टोनी ब्लेअर, कॉन्डोलीझा राईस, डोनाल्ड रम्सफेल्ड एकामागोमाग एक ‘अल जझीरा’ला मुलाखती देत होते. सीरियातले माजी अमेरिकी राजदूत ख्रिस्तोफर रॉस तर थेट अरबीत बोलायला बसले. त्यांचं म्हणणं किती प्रेक्षकांना पटलं ते सोडा, माणूस समोर येऊन प्रश्न झेलत होता. हाच रस्ता बरोबर होता, असं मी तेव्हाही म्हणत होतो.

वॉशिंग्टनला तो पेलला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात काबूलमधल्या ‘अल जझीरा’च्या कार्यालयावर अमेरिकी बॉम्ब पडला. ८ एप्रिल २००३ला बगदादच्या कार्यालयावर हल्ला झाला आणि तारिक अय्यूब हा बातमीदार मारला गेला. कार्यालय नेमकं कुठे आहे, हे वाहिनीने पेंटॅगॉनला आधीच कळवलेलं होतं. वाहिनीचा कॅमेरामन सामी अल-हाज जवळपास सहा वर्षं अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात होता, खटला न चालता. त्या काळात आपल्याकडचेही कित्येक जाणकार ‘ही लादेनची वाहिनी’ म्हणून विषय संपवत. त्यांचा मला आजही राग येतो. लादेनच्या चित्रफिती तिने दाखवल्या हे खरं, पण त्याच पडद्यावर रम्सफेल्डही बोलून गेले होते.

फेब्रुवारी २००४मध्ये व्हर्जिनियातून ‘अल हुर्रा’ आली. पुढच्याच महिन्यात गाझात हमासचे नेते शेख अहमद यासीन मारले गेले. बाकीच्या अरबी वाहिन्या तिकडे धावल्या, तेव्हा ‘अल हुर्रा’वर स्वयंपाकाचा कार्यक्रम चालू होता. मे महिन्यात, इराकमधल्या अबू गरीब तुरुंगातल्या छळाची छायाचित्रं बाहेर आल्यावर, बुश यांनी ‘अल हुर्रा’ आणि सौदी मालकीच्या ‘अल अरेबिया’ला मुलाखती दिल्या. ‘अल जझीरा’ला टाळलं. दोन्ही मुलाखतींत त्यांनी माफी मागितली नाही.

या सगळ्यात मला एक माणूस ठळक आठवतो. अमेरिकी परराष्ट्र खात्यातले अल्बर्टो फर्नांडेझ सतत अरबी वाहिन्यांवर अरबीतून बोलत. ऑक्टोबर २००६मध्ये त्यांनी ‘अल जझीरा’वर कबूल केलं की इराकमध्ये अमेरिकेकडून उद्दामपणा आणि मूर्खपणा झाला. त्याबद्दल त्यांना माफी मागावी लागली. माझ्या मते ‘अल हुर्रा’वर ओतलेल्या कोट्यवधी डॉलरांपेक्षा त्या एका कबुलीची किंमत जास्त होती, आणि तीच त्यांच्या सरकारने मागे घ्यायला लावली.

जानेवारी २००९मध्ये ओबामांनी अध्यक्ष म्हणून पहिली औपचारिक टीव्ही मुलाखत ‘अल अरेबिया’च्या हिशाम मेल्हेम यांना दिली. आधी ऐकून घेऊ, असं ते म्हणाले. आशा वाटली होती, ती टिकली नाही. २०११च्या अरब उठावांनंतर वाहिन्याही उघडपणे आपापल्या मालकांची बाजू लढवू लागल्या. तिला पैसा पुरवणाऱ्या कतारच्या अमिराला अवघड प्रश्न ‘अल जझीरा’ने कधी विचारलेच नव्हते. २०१७मध्ये सौदी अरेबिया आणि मित्रदेशांनी कतारपुढे तेरा मागण्या ठेवल्या, त्यांत ती बंद करण्याचीही होती. मे २०२४मध्ये इस्रायलने तिला आपल्या देशात टाळं लावलं. आता सरकारी प्रवक्ता समाजमाध्यमांवर अरबीत चित्रफीत टाकतो आणि मोकळा होतो. उलटा प्रश्न विचारणारा तिथे कुणी नसतो.

आपल्यालाही हे लागू आहे. आखातात नव्वद लाखांच्या आसपास भारतीय राहतात, त्यांत आपली मराठी माणसंही आहेत. जून २०२२मध्ये सत्ताधारी पक्षाच्या प्रवक्त्यांनी प्रेषितांविषयी केलेल्या वक्तव्यावरून कतार आणि कुवेतने भारतीय राजदूतांना बोलावून जाब विचारला, तेव्हा आपलं उत्तर मुख्यतः लेखी निवेदनांतून गेलं. आपल्या परराष्ट्र सेवेत अरबी उत्तम जाणणारे अधिकारी आहेत. सरकारने त्यांना अरबी वाहिन्यांच्या स्टुडिओत पाठवावं, संकट नसतानाही पाठवावं, अवघड प्रश्न घेऊ द्यावेत. आणि ते खरं बोलले, तर त्यांना माफी मागायला लावू नये.