‘जुने’, ‘शिळे’ आणि ‘मुरलेले’ : शर्यतीच्या इंधनाविषयी

ब्राह्मणपुरी (ता. शहादा) येथे आमच्या एका नातलगाच्या घरी गेल्या उन्हाळ्यात फडताळातून इंधनाचा एक डबा निघाला. भाच्याच्या छोट्या शर्यतीच्या मोटारीसाठी आणलेले ते इंधन तीन वर्षे तसेच पडून होते. डबा निम्मा रिकामा व झाकण सैल. “मामा, हे शिळं झालं असेल का?” असे त्याने विचारले. प्रश्न रसायनाचा, पण त्यातील विशेषणाने माझे लक्ष वेधले.

मराठीत शिजवलेले अन्न शिळे होते, वस्तू जुनी होते आणि लोणचे मुरते. पहिल्या दोहोंत काळ हाच कर्ता आहे. मुरण्यात मात्र एक पदार्थ दुसऱ्यात शिरतो. या इंधनाच्या बाबतीत तिसरे क्रियापदच यथार्थ होय.

त्यातील मुख्य घटक मिथेनॉल. त्यात नायट्रोमिथेन व वंगणतेल मिसळलेले असते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असल्याने त्याला हवा कमी लागते, व एका फेऱ्यात अधिक इंधन जाळता येते. वंगण म्हणून पुष्कळदा एरंडेल असते. एरंडाच्या गुऱ्हाळातून काही निष्पन्न होत नाही, असे आपली भाषा मानते. पण पहिल्या महायुद्धातील विमानांची फिरती एंजिने याच तेलावर चालली.

झाकणबंद डब्यात व अंधाऱ्या, थंड जागी हे मिश्रण वर्षानुवर्षे टिकते. परंतु मिथेनॉल हवेतील बाष्प शोषून घेते. अर्धा रिकामा डबा दिवसा तापतो, रात्री निवतो आणि सैल झाकणातून जणू श्वास घेतो. पावसाळ्यात त्या श्वासाबरोबर ओलावा आत येतो. ‘कुठे तरी पाणी मुरते आहे’ हा वाक्प्रचार येथे अक्षरशः खरा ठरतो. पाणी मिथेनॉलमध्ये पूर्णपणे मिसळत असल्याने डोळ्यांस काही दिसत नाही. इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे तसे नाही. त्यात पाणी फार झाले की पाणी व इथेनॉल यांचा थर तळाशी वेगळा होतो.

मुरलेल्या पाण्याचा परिणाम एंजिनातच कळतो. या एंजिनातील ग्लो प्लगची प्लॅटिनमयुक्त तार मिथेनॉलच्या संयोगाने तापती राहते; पाण्याच्या वाफेत उष्णता खर्च झाली की ती निवते, आणि मंद गतीत एंजिन बंद पडते. म्हणून परीक्षा एकच : त्याच एंजिनात, त्याच प्लगने, आधी ताजे व मग जुने इंधन चालवून पाहावे. फरक थोडा असल्यास जुने इंधन ताज्यात मिसळून सरावापुरते संपवावे. शर्यतीस वापरू नये. तळाशी बसलेले तेल वापरण्यापूर्वी हलवून एकजीव करावे. आणि खेळ संपल्यावर टाकी रिकामी करावी, कारण ओलावा धरलेले इंधन बेअरिंगांना गंज आणते.

एवढ्यावर हा विषय संपता तर बरे होते. आपल्याकडे जखम पुसण्याचे, स्टोव्ह पेटविण्याचे आणि पिण्याचेही द्रव्य एकाच ‘स्पिरिट’ या शब्दाखाली येते. ‘दारू’ या शब्दाने तर मूळ फारसीत औषध, आणि मराठीत मद्य व स्फोटक चूर्ण असे अर्थ धारण केले आहेत. ही शब्दांची उदारता मिथेनॉलच्या बाबतीत जीवघेणी आहे. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते व ते दृष्टिमज्जातंतूवर आघात करते. दहा मिलिलिटरनेही अंधत्व येऊ शकते. 2015 च्या जूनमध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलयुक्त दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. सातपुड्याच्या पायथ्याशी घरोघरी मोहाची दारू ओळखीची असताना, बिननावाचा असा डबा फडताळात ठेवणे म्हणजे केवळ निष्काळजीपणा नव्हे. शिवाय त्याची ज्योत भर उन्हात जवळजवळ दिसत नाही.

आमच्या डब्याची परीक्षा झाली. ताज्या इंधनावर मोटार नीट चालली. जुन्यावर वेग कमी करताच बंद पडली. उरलेले इंधन गटारात ओतावयास भाचा निघाला होता, त्यास थांबविले. झाकण घट्ट लावून, डबा कुलपात ठेवून, त्यावर मी मोठ्या अक्षरांत ‘विष’ असे लिहिले, व खाली ‘मिथेनॉल’. ‘स्पिरिट’ लिहू का, असे त्याने विचारलेच होते.