मधाला पाणी चढलं की…

मध कधीच नासत नाही, हे खरं. पण त्यात पाणी कमी असेल तरच! 17 टक्क्यांपर्यंत पाणी असेल तर बंद बरणी वर्षानुवर्षं टिकते. 20 च्या पुढे गेलं की मधात मुळातच असलेलं यीस्ट कामाला लागतं. मग वर फेस, झाकण उघडताच फस्स आणि चव आंबूस. अन्नसुरक्षा प्राधिकरण एफएसएसएआयने मधातल्या पाण्याची कमाल मर्यादा 20 टक्के ठेवली आहे, ती उगाच नाही.

पाणी काढायचं खरं काम माश्यांचं, आणि ते थक्क करणारं आहे. फुलातल्या रसात 70 टक्के पाणी धरलं, तर किलोभर मधासाठी सुमारे पावणेतीन किलो रस लागतो. म्हणजे पावणेदोन किलो पाणी उडवायचं! माश्या रस सोंडेवर पातळ पसरून पुन्हा पुन्हा आत-बाहेर करतात, मग पोळ्याच्या घरांत भरून पंखांनी वारा घालत राहतात. मध पिकला की वर मेणाचं झाकण बसतं.

म्हणून मधपाळाने घाई करायची नाही. पेटीच्या चौकटीतली बहुतेक घरं मेणाने बंद झाल्याशिवाय ती चौकट मधयंत्रात घालू नये. शंका आली तर चौकट आडवी धरून झटका द्यावा. थेंब उडाले तर मध अजून कच्चा आहे. सह्याद्रीतल्या सातेरी आणि आग्या माश्यांच्या मधात पाणी तसंही जास्त असतं, त्यामुळे इथे ही सबुरी फारच मोलाची.

पाण्याचा नेमका आकडा हवा? रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर थेंबभर मध लावा, उजेडाकडे धरा, रेषा दिसेल तो आकडा वाचा. पाण्यात थेंब सोडून किंवा मधात बुडवलेली कापसाची वात पेटवून टक्के कळत नाहीत. आणि मधमाशीपालनच शिकायचं असेल, तर पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर खादी ग्रामोद्योग आयोगाची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था 1962 पासून आहे.

कारवीचा मध तर खास. सात-आठ वर्षांनी फुलणाऱ्या कारवीचं नाव थेट देशाच्या मानकांत आहे! तिच्या मधाला सवलत आहे ती साखरेच्या निकषांत; पाण्याच्या मर्यादेत मात्र नाही.

पुण्याचा पावसाळा बरणीचा वैरी. हवेतली आर्द्रता साधारण 60 टक्क्यांच्या वर गेली की 18 टक्क्यांचा उघडा मध हवेतून पाणी ओढतो. ओला चमचा तर बुडवूच नका.

हेच आंबणं मुद्दाम घडवलं की मीड हे मद्य तयार होतं. पुण्याची मूनशाइन मीडरी तेच करते: मधात पाणी घालते आणि यीस्टला मोकळं रान देते.

आणि रवाळ झालेला मध? तो भेसळीचा म्हणून फेकू नका. पण ग्लुकोजचे खडे बनताना थोडंच पाणी धरतात, उरलेला द्रव पातळ होतो आणि तिथूनच आंबणं सुरू होऊ शकतं. बरणी कोमट पाण्यात ठेवून खडे विरघळवा आणि मध हलवून एकजीव करा.