ट्रेलर नागावात, सिनेमा पनवेलला

नव्या सिनेमाचा ट्रेलर नागावात मुंबईच्या बरोबरीनेच पोहोचतो. सिनेमा पोहोचत नाही. अलिबाग आमच्यापासून नऊ-दहा किलोमीटरवर, पण तिथे हवा तो सिनेमा हव्या त्या वेळेला लागलेला असेलच याची खात्री नसते, मराठी असेल तर आणखीच नसते. मग कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण असं करत थेट पनवेल गाठायचं. जाऊन-येऊन दिवस मोडतो. घरातली चार माणसं निघाली की तिकिटं, पेट्रोल आणि बाहेरचं जेवण मिळून खर्च चांगलाच होतो. एवढं सगळं ठरतं ते अडीच-तीन मिनिटांच्या ट्रेलरवर. म्हणून इथला सिनेमावेडा माणूस ट्रेलर दोनदोनदा बघतो, घरच्यांना दाखवतो आणि मगच ‘जाऊया’ म्हणतो.

दुसरी अडचण वाराची आहे, आणि सिनेमाच्या धंद्यात ती कोणी फारशी मोजत नाही. शनिवार-रविवार हे नागावचे कामाचे दिवस. मांडव्याच्या बोटीने आणि रो-रोने पर्यटक उतरतात, वाड्यांमधल्या खोल्या भरतात, घरगुती खानावळींच्या चुली थंड होत नाहीत, किनाऱ्यावर उभं राहायला जागा नसते. त्या दोन दिवसांत कोण सिनेमाला जाणार? आमचा सिनेमाचा वार सोमवार किंवा मंगळवार. मंगळवारी बरीच मल्टिप्लेक्स तिकीटही स्वस्त ठेवतात. पण सिनेमाचं नशीब शुक्रवार ते रविवार या तीन दिवसांतच ठरून गेलेलं असतं. गर्दी कमी दिसली की सोमवारपासून खेळ कापले जातात आणि उरलेला एखादा खेळ सकाळी किंवा रात्री उशिरा ढकलला जातो. रात्री उशिराचा खेळ सुटल्यावर पनवेलहून नागावला परतायचं म्हणजे काय, हे वडखळचा रस्ता माहीत असलेल्याला सांगायला नको.

१८ जुलै २०२५ ला ‘येरे येरे पैसा ३’ आणि हिंदी ‘सैयारा’ एकाच दिवशी आले. ‘सैयारा’ला गर्दी झाली, मराठी सिनेमाचे पडदे काढून घेतले गेले आणि मुंबईत त्यावरून राजकीय पक्षांनी आवाज उठवला. मुंबईत निदान आवाज तरी उठतो. तालुक्याच्या गावात खेळ निघून जातो तेव्हा कोणाला पत्ताही लागत नाही.

ज्या ट्रेलरच्या भरवशावर आम्ही एवढा प्रवास ठरवतो, त्याला कायद्याच्या नजरेत काय किंमत आहे? याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या एका खटल्याने दिलं आहे. २०१६ मध्ये शाहरुख खानचा ‘फॅन’ आला. जाहिरातीत एक गाणं धडाक्यात वाजत होतं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, एक शिक्षिका मुलांना ते गाणं आवडलं म्हणून कुटुंबासह सिनेमाला गेल्या. सिनेमा संपला तरी गाणं आलं नाही. मुलं इतकी हिरमुसली की रात्री जेवली नाहीत, पित्त वाढून दवाखान्यात न्यावं लागलं, असं त्यांनी तक्रारीत नमूद केलं आणि ६०,५५० रुपयांची भरपाई मागितली. जिल्हा ग्राहक मंचाने तक्रार फेटाळली. राज्य आयोगाने दहा हजार रुपये भरपाई आणि पाच हजार खर्च देण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय आयोगानेही तो उचलून धरला. शेवटी २२ एप्रिल २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल फिरवला. ट्रेलर हा निर्मात्याने प्रेक्षकाला दिलेला शब्द नव्हे, त्यातून करार होत नाही, तो फक्त तिकीट काढायला उद्युक्त करतो, असं न्यायालयाने म्हटलं. कलेच्या निर्मितीत कलावंताला मोकळीक असते, हेही निकालात आहे.

हा निकाल मला पटतो. ट्रेलरमधल्या प्रत्येक चौकटीचा हिशेब द्यायचा म्हटलं तर कोणी सिनेमाच करू शकणार नाही. ट्रेलर बऱ्याचदा सिनेमाचं संकलन चालू असतानाच कापला जातो. त्यात घेतलेलं दृश्य पुढे सिनेमात नकोसं होतं, संगीत तर अनेकदा ट्रेलरपुरतंच तयार केलेलं असतं. ‘छावा’चंच बघा. २२ जानेवारी २०२५ ला ट्रेलर आला, त्यात संभाजी महाराज आणि येसूबाई लेझीम खेळताना दिसले, वाद झाला. दिग्दर्शक लक्ष्मण उतेकर यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली आणि ते दृश्य काढून टाकत असल्याचं जाहीर केलं. १४ फेब्रुवारीला सिनेमा लागला तेव्हा लेझीम त्यात नव्हतं. तरीही कायद्यापलीकडे एक नैतिक शब्द असतोच. दोन तास रस्ता कापून येणाऱ्या माणसाला ट्रेलरने निदान सिनेमाची जात खरी सांगावी. विनोदी म्हणून बोलावून रडवू नये, आणि सगळी गोष्ट आधीच सांगून आमचा प्रवासही वाया घालवू नये.

सिनेमाच्या जाहिरातीची आपल्याकडची सुरुवात पाहिली की गंमत वाटते. ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. पुढे त्याची जाहिरात करताना दादासाहेब फाळक्यांनी गोष्टीची भुरळ घातली नाही. सत्तावन्न हजार छायाचित्रं, दोन मैल लांबी आणि हे सगळं तीन आण्यांत, असा त्यांचा हिशेब होता. अमेरिकेत पहिला ट्रेलर मानला जातो तोही १९१३ चाच. हिचकॉकने १९६० मध्ये ‘सायको’साठी केलेला ट्रेलर सहा मिनिटांहून मोठा आहे. त्यात तो स्वतः मोटेलमधून फिरत, इथे काय घडलं ते अर्धवट सांगत राहतो. मूळ सिनेमातलं जवळजवळ काहीच दिसत नाही, तरी पाहणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आपल्या ट्रेलर कापणाऱ्यांनी तो समोर ठेवून शिकावं.

आता अलीकडे पाहिलेल्या सिनेमांविषयी. माझ्या लेखी २०२५ चा मराठी सिनेमा म्हणजे ‘दशावतार’. सुबोध खानोलकरांचा हा सिनेमा १२ सप्टेंबरला आला. बाबुली मेस्त्री हा म्हातारा दशावतारी कलावंत, त्याची डोळ्यांची तक्रार, आता थांबा म्हणणारा मुलगा आणि आसपासचं जंगल. दिलीप प्रभावळकर तेव्हा ८१ वर्षांचे होते. त्या वयात अंगावर एवढे रंग, एवढी वस्त्रं चढवून त्यांनी जे उभं केलं आहे त्यापुढे हात जोडावेसे वाटतात. कोकणाची जमीन कोणाच्या हातात जाते हा सिनेमातला प्रश्न सिंधुदुर्गातला, पण वाड्या विकल्या जाताना रोज बघणाऱ्या आमच्या तालुक्यालाही तो थेट लागू होतो. उत्तरार्धातलं वळण मी इथे लिहिणार नाही. ज्यांनी अजून पाहिला नाही त्यांनी ट्रेलरही न बघता पाहावा.

‘आता थांबायचं नाय’ १ मेला आला. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कर्मचारी रात्रशाळेत जाऊन दहावीला बसतात, ही खरी घडलेली गोष्ट शिवराज वायचळ यांनी सांगितली आहे. शेवट काय होणार हे आधीच कळतं, तरी सिनेमा कुठे पडत नाही, कारण भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव यांची माणसं खरी वाटतात. असा सिनेमा ट्रेलरला घाबरत नाही. त्याउलट ‘जारण’सारख्या भयपटाचा सगळा जीव संशयात असतो. करणी की मनाचा आजार? हृषीकेश गुप्ते यांनी हा संशय शेवटपर्यंत ताणला आहे आणि अमृता सुभाषने तो चेहऱ्यावर वागवला आहे. असल्या सिनेमातला एक दचका जरी जाहिरातीत खर्च झाला तरी थिएटरात तेवढी जागा रिकामी जाते.

‘साबर बोंडं’ची गोष्ट वेगळी. रोहन कानवडे यांच्या या सिनेमाला २०२५ च्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचं सर्वोच्च पारितोषिक मिळालं. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या, एवढीच माणसं धरून सिनेमा अतिशय हळुवार चालतो. दोन पुरुषांमधलं प्रेम इतक्या साधेपणाने मराठी गावात मांडलेलं मी याआधी पाहिलं नव्हतं. १९ सप्टेंबरला तो आला तेव्हा ‘दशावतार’ जोरात होता. आमच्या भागातल्या किती जणांना तो आल्याचं कळलं असेल?

येणाऱ्यांत सर्वांत मोठी उत्सुकता ‘राजा शिवाजी’ची. ‘वेड’नंतर रितेश देशमुखचं हे दिग्दर्शन, छायाचित्रण संतोष सिवन यांचं, संगीत अजय-अतुलचं, आणि १ मे २०२६ ही तारीख जाहीर झालेली. माझी एकच इच्छा आहे, या सिनेमाने समुद्र नीट दाखवावा. १६७९ मध्ये महाराजांनी थळसमोरच्या खांदेरीवर किल्ला बांधायला घेतला, इंग्रज आडवे आले आणि मराठ्यांच्या छोट्या गलबतांनी त्यांना दाद दिली नाही. तीच खांदेरी २०२५ च्या जुलैत जागतिक वारसा यादीत गेली. डोंगरी किल्ल्यांवरच्या लढाया पडद्यावर पुष्कळ झाल्या, आरमाराची लढाई अजून मनासारखी झालेली नाही. हिंदी ‘रामायण’ या सिनेमाची झलकही जुलै २०२५ मध्येच आली. माणसांचे चेहरे राखून ठेवणारी ती झलक मला आवडली.

‘अलिबागला कुलाबा किल्ल्यासमोर थिएटर काढा’ अशी मागणी मी करत नाही. मागणी साधी आहे. वितरकांनी अलिबाग, मुरूड, पेण या बाजूला मराठी सिनेमा देताना एक तरी संध्याकाळचा खेळ गुरुवारपर्यंत टिकवावा, आणि पर्यटनावर जगणाऱ्या गावांचा वार सोमवार-मंगळवार आहे हे लक्षात घ्यावं. आणि वाचकहो, तुमच्या गावाची अवस्था आमच्यासारखी असेल तर दहा-पंधरा जण जमवा, थिएटरच्या व्यवस्थापकाला आधी फोन करा, आम्ही मंगळवारी इतकी माणसं येतो असं सांगा आणि तिकिटं आगाऊ काढा.