खेळांतल्या विमानाचें इंजिन : सुई किती फिरवावी?

बालाघाटाच्या डोंगरांतील येरमाळ्यासारख्या गांवीं एखाद्या मुलानें सुटींत इंजिनावर उडणारें लहानसें विमान घरीं आणलें, तर वडीलधाऱ्यांच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात : हें खूळ कशाला, आणि यांत अपाय तर नाहीं ना? पहिल्याचें उत्तर सोपें आहे. राष्ट्रीय छात्रसेनेच्या हवाई शाखेंत अशीं विमानें तयार करणें व उडविणें हा शिक्षणाचाच भाग आहे. दुसऱ्याचें उत्तर मात्र इंजिनाच्या कार्ब्युरेटरांत शोधावें लागतें.

कार्ब्युरेटर म्हणजे हवा व इंधन यांचें मिश्रण करणारा भाग. हवा अरुंद गळ्यांतून वेगानें जाऊं लागली कीं तेथील दाब कमी होतो, हें तत्त्व बर्नुलीनें १७३८ सालीं मांडलें. त्या कमी दाबामुळें इंधन नळींतून ओढलें जातें. व तें किती यावें, हें एक बारीक सुई ठरविते. सुई आंत फिरविली कीं इंधन कमी होतें, बाहेर फिरविली कीं वाढतें.

जुन्या दोन-स्ट्रोक चेतक स्कूटरच्या पेट्रोलांत तेल मिसळावें लागे, हें पुष्कळांना आठवत असेल. या इंजिनाचेंही तसेंच आहे. याचें इंधन बहुधा मिथेनॉल असून त्यांत वंगणासाठीं एरंडेल किंवा कृत्रिम तेल मिसळलेलें असतें. वंगणाची निराळी सोय नाहीं. म्हणून इंधन कमी पडलें कीं तेलही कमी पडतें. मुख्य मर्म हेंच होय.

इंजिन प्रथम सुरू करतांना सुई निर्मात्यानें सांगितल्याइतकी, म्हणजे सामान्यतः दोन-अडीच फेरे, उघडी ठेवावी. इंजिन तापल्यावर पूर्ण वेगांत सुई थोडथोडी आंत फिरवावी. आवाज चढत जाऊन एका ठिकाणीं वेग कमाल होतो. मुलांना मोह होतो तो येथेंच थांबण्याचा. पण तेथून सुई किंचित् बाहेर घेऊन वेग जरा उतरूं द्यावा. मग विमान घट्ट धरून त्याचें नाक आकाशाकडे करावें. वेग टिकला किंवा थोडा वाढला तर ठीक. आवाज खचूं लागला तर इंधन अपुरें आहे असें समजावें. अधिक वेगाच्या लोभानें कोरडें चाललेलें इंजिन तापतें, झिजतें, आणि पुष्कळदां हवेंतच बंद पडतें.

सुई एकदां लावून निश्चिंत राहतां येत नाहीं. दर हजार मीटर चढावर हवेची घनता सुमारें एक दशांशानें घटते. म्हणून मुंबईस लावलेली सुई आपल्या पठारावर थोडी आंत घ्यावी लागते. उलट, उन्हाळ्याच्या दुपारीं लावलेली सुई हिंवाळ्याच्या पहाटे थोडी बाहेर घ्यावी. कारण थंड हवा दाट असते व तिला इंधन अधिक लागतें.

आतां अपायाविषयीं. पंखा फिरत असतां हात पुढून नेऊं नये. इंजिन सुरू झाल्यावर सुई नेहमीं पंख्याच्या मागून फिरवावी, आणि कोणासही पंख्याच्या रेषेंत उभें राहूं देऊं नये. दुसरा धोका याहून मोठा आहे. मिथेनॉल हें जहाल विष होय. पोटांत थोडें गेलें तरी दृष्टि जाऊं शकते, प्राणही जाऊं शकतो. व त्याची ज्वाला दिवसा जवळजवळ दिसत नाहीं. तें पाण्याच्या किंवा औषधाच्या बाटलींत कदापि भरूं नये. बाटलीवर ठळक नांव लिहून ती कुलपांत ठेवावी. कोणाच्या पोटांत गेलेंच, तर घरगुती उपाय करीत न बसतां तत्काळ दवाखाना गांठावा.

एवढी दक्षता घरच्या मोठ्यांनीं घेतली, तर हा खेळ मुलांस बंद करण्याचें कारण नाहीं. कान देऊन ऐकणें, थोडेंच फिरविणें आणि कमाल वेगाच्या अलीकडे थांबणें ही शिस्त मुलाच्या अंगीं बाणली, तर विमान उडो वा न उडो, सुटी सत्कारणीं लागली असें आम्ही समजूं.