आधी एक उन्हाळा, मग मासे

वैशाखातील दुपारी चंद्रपूरच्या बाजारपेठेत दुकानांची शटर अर्ध्यावर ओढलेली असतात. पारा ४६-४७ अंशांवर गेलेला असतो आणि घरोघरी कूलरच्या ताट्यांवरून पाणी ठिबकत असते. दुकानामागच्या अशाच एखाद्या घरात मुंबईहून परतलेले मूल हट्ट धरते : निळ्या पाण्यातले ते केशरी-पांढरे मासे आपल्याही बैठकीत हवेत. हट्ट गोड आहे आणि पैशाची अडचण नसेल तर तो पुरवणे सोपेही वाटते. परंतु समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या या वनजिल्ह्यांत समुद्री मत्स्यालय मांडणे म्हणजे शोभेची वस्तू विकत घेणे नव्हे. काही जिवांच्या अहोरात्र रक्षणाची ती हमी असते, आणि ती हमी दर्शनी काचेपेक्षा कपाटाच्या आड दडलेल्या दोन गोष्टींवर अवलंबून असते. एक म्हणजे ‘संप’, अर्थात खालची टाकी, आणि दुसरी म्हणजे पाणी थंड ठेवणारे यंत्र, ‘चिलर’.

समुद्र घरी आणताना

मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभे राहिले ते समुद्राच्या काठावरच. चंद्रपूर-गडचिरोलीत मात्र समुद्राचे पाणी तयार करावे लागते. विहिरीचे वा नळाचे पाणी आरओ यंत्रातून क्षारमुक्त करून त्यात दर लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम खास समुद्री मीठ विरघळवावे लागते. स्वयंपाकाचे मीठ येथे चालत नाही. १२० सेंटिमीटर लांब, ४५ रुंद व ५५ उंच अशा टाकीत आणि तिच्या संपात मिळून सुमारे ३५० लिटर पाणी राहते. म्हणजे पहिल्याच भरणीला बारा किलोंहून अधिक मीठ लागते. दगड, वाळू व काच धरून हा भार चार क्विंटलांच्या पुढे जातो, म्हणून जुन्या वाड्याच्या माडीवर ही टाकी मांडू नये. आरओ यंत्र शुद्ध पाण्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी बाहेर टाकते. पाण्याचा थेंबही जपून वापरणाऱ्या घराने ते पाणी लादी पुसण्यासाठी व धुण्यासाठी वापरण्याची सोय आधीच करावी.

खालच्या टाकीचे काम

वरच्या टाकीच्या काठावरून ओसंडणारे पाणी नळीने संपात उतरते. तेथे आधी कापडी पिशवी गाळ अडवते. मग ‘स्किमर’ नावाचे उपकरण बारीक बुडबुड्यांच्या फेसात माशांची विष्ठा व उरलेल्या अन्नाचा अंश वेगळा काढते. शेवटच्या कप्प्यातील पंप स्वच्छ पाणी पुन्हा वर चढवतो.

संपाचे माप घेताना बहुतेक चुका एकाच ठिकाणी होतात. वीज गेली की पंप थांबतो, आणि ओसंडीच्या पातळीवरचे सगळे पाणी खाली येते. वर दिलेल्या मापाच्या टाकीत पाण्याचा प्रत्येक सेंटिमीटर म्हणजे सुमारे साडेपाच लिटर. तीन सेंटिमीटर पाणी उतरले आणि नळ्यांतले त्यात मिळाले, तर वीस लिटर पाणी सहज जमते. संपात निदान तीस लिटरांची रिकामी जागा नसेल, तर पहिल्याच वादळी सायंकाळी खारे पाणी बैठकीत पसरेल. वर जाणाऱ्या नळीला पाण्याच्या पातळीजवळ एक लहान छिद्र ठेवावे, म्हणजे पाणी उलटे ओढले जात नाही. मीठ-पाणी भरण्यापूर्वी साध्या पाण्यावर पंप पाच-सहा वेळा मुद्दाम बंद करून ही परीक्षा घ्यावी.

उष्णतेचा हिशेब

प्रवाळभित्तीवरील माशांना २५ ते २७ अंशांचे पाणी मानवते. पाणी जितके तापते तितका त्यात प्राणवायू कमी विरघळतो, आणि त्याच वेळी माशाची प्राणवायूची गरज वाढते. प्रवाळ तर याहून नाजूक. १९९८ साली समुद्र नेहमीपेक्षा थोडाच अधिक तापला, तरी लक्षद्वीपमधील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडून मेले.

आता घरातील जमाखर्च मांडावा. खोली ३८ अंशांवर आणि पाणी २६ अंशांवर असेल, तर काचेतून अंदाजे दीडशे ते दोनशे वॅट उष्णता सतत आत येते. पंप व दिवे आणखी शंभर-दीडशे वॅटची भर घालतात. म्हणजे चिलरला अखंड तीन-साडेतीनशे वॅट उष्णता बाहेर काढावी लागते. परंतु भोवतालची हवा तापलेली असली की यंत्राची ताकद घटते, म्हणून शीतन क्षमता या आकड्याच्या दुप्पट धरावी. असे यंत्र तीनशे वॅट वीज घेऊन दिवसाला बारा तास चालले, तर रोज साडेतीन युनिट आणि महिन्याला शंभराहून अधिक युनिट जळतात. पाण्यात बुडणारी त्याची नळी टायटॅनियमची असावी, कारण खाऱ्या पाण्यात तांबे विरघळते आणि ते बिनकण्याच्या सागरी जीवांना विषासमान ठरते.

चिलर कधीही बंद कपाटात ठेवू नये. तो पाण्यातली उष्णता नाहीशी करत नाही, बाहेर फेकतो. कोंडलेल्या जागेत तो स्वतःचाच तप्त श्वास पुन्हा ओढत राहतो आणि अखेर बंद पडतो. सावलीतली, खेळत्या हवेची जागा त्याला द्यावी. दिवे दुपारी न लावता सायंकाळी लावले तर तेवढाच भार हलका होतो.

विदर्भाला ठाऊक असलेली कूलरची युक्ती येथेही उपयोगी पडते. संपाच्या पाण्यावर लहान पंखा सोडला की एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत बाष्पीभवनाने पाणी तीन-चार अंश उतरू शकते. पण मृगाचा पाऊस सुरू होऊन हवा दमट झाली की पंख्याचा गुण सरतो. शिवाय पाणी उडते, मीठ उडत नाही. कमी झालेले पाणी रोज गोड्या शुद्ध पाण्यानेच भरावे लागते, अन्यथा खारेपणा वाढत जातो.

वीज गेली तर

चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. तरीही वळवाच्या वादळात तारा तुटल्या की याच जिल्ह्यातील घरे अंधारात बसतात. गडचिरोलीच्या आतल्या गावांत वीज परतायला अधिक वेळ लागतो. चिलर थांबला तर अशा दुपारी पाणी ताशी सुमारे अर्धा अंश तापते. सहा तासांत ते २६ वरून २९ अंशांवर पोहोचते. घरातील इन्व्हर्टरवर चिलर जेमतेम चार तास चालेल, तर चाळीस वॅटचा पंप दिवसभर. म्हणून बॅटरीचा पहिला हक्क पंपाचा, कारण हलत्या पाण्यातच प्राणवायू टिकतो. चिलर बिघडलाच, तर तो दुरुस्त करणारा कारागीर बहुधा नागपूरहूनच बोलवावा लागेल. तेवढे दिवस पाणी कशाने थंड ठेवणार, याचे उत्तर आधीच तयार असावे.

जीव आणि व्रत

अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत बंध आणि अन्नपाननिरोध हेही आहेत. जीव कोंडून ठेवणे आणि त्याला वेळेवर अन्नपाणी न मिळणे, हे दोन्ही प्रश्न मत्स्यालय घरात येताच उभे राहतात. क्लाऊनफिश दहा-पंधरा वर्षे जगू शकतो. तीर्थयात्रेला वा लग्नसराईत कुटुंब आठ दिवस बाहेर गेले, तर पाण्याची पातळी आणि तापमान कोण पाहणार? शिवाय या माशांच्या तयार खाद्यात बहुधा माशांचीच भुकटी असते. ही गोष्ट घरातील वडीलधाऱ्यांपासून लपवून ठेवू नये.

ज्यांना पुढे जायचे आहे, त्यांनी समुद्रातून पकडलेले मासे टाळावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाऊनफिशची टाकीतील पैदास साध्य केली आहे, आणि असे पैदास केलेले मासे बाजारात मिळतात. प्रवाळ व समुद्रघोडे यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ चे संरक्षण आहे. दुकानदार कितीही आश्वासन देवो, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

यावर सर्वांत स्वस्त आणि निर्दोष परीक्षा एकच. माघ-फाल्गुनात टाकी, संप, चिलर आणि कोरडे दगड मांडावेत, खारे पाणी भरावे आणि सारा उन्हाळा एकही मासा न आणता ते चालवावे. भिंतीवर वही टांगून सकाळ, दुपार आणि रात्रीचे तापमान मुलाच्या हाताने लिहून घ्यावे. वीज किती वेळा गेली, पाणी किती उडाले, बिल किती आले, याचीही नोंद त्याच वहीत ठेवावी. पावसाळ्यातील दमट दिवसही तसेच पार पडू द्यावेत. आकडे एखाद्या अंशाच्या आत स्थिर राहिले, तर दिवाळीनंतर पाण्यात अमोनियाचे थेंब टाकून चार ते सहा आठवडे उपकारक जिवाणू वाढू द्यावेत आणि हिवाळ्यात दोन लहान मासे आणावेत.

वहीतले आकडे ३० च्या पुढे गेले असतील, तर टाकी रिकामी करून विकून टाकावी. तोटा पैशाचा होईल, जीव एकही जाणार नाही, आणि आपण मासे का आणले नाहीत हे ती वही लिहिणाऱ्या मुलाला समजावून सांगावे लागणार नाही.