देव्हारा नसलेल्या घरात

शेजारी नवं बिऱ्हाड येतं, त्या घरच्या वहिनी पहिल्यांदा चहाला येतात. थोड्या वेळानं त्यांची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यांतून फिरते आणि मग जरा संकोचत त्या विचारतात, "तुमच्याकडे देव कुठे असतात हो?"

प्रश्न साधा आहे. पण आम्हा मराठी ख्रिस्ती बायकांना तो विचारात पाडतो. आम्ही प्रॉटेस्टंट. घरात देव्हारा नाही, मूर्ती नाही, निरांजन नाही. भिंतीवर वचनं छापलेली दिनदर्शिका, फळीवर कव्हर घातलेलं बायबल आणि पानं सुटी झालेलं गीतांचं पुस्तक, बस्स. वसईकडच्या कॅथलिक घरांत आल्तार असतो, संध्याकाळी जपमाळ होते. आमच्याकडे बोट करून दाखवावं असं काहीच नाही. मग मुलांना श्रद्धा द्यायची ती कशातून? आणि दिली तरी ती त्यांची होते का?

मैत्रिणींनो, तुमच्या घरी शुभंकरोती म्हणवून घेताना तुम्हालाही हा प्रश्न पडला असेलच. म्हणून आमच्या घरची हकिगत तुम्हाला अगदीच परकी वाटू नये.

बायबलमध्ये तीमथ्य नावाच्या एका तरुण सेवकाची माहिती येते. त्याचा विश्वास आधी त्याच्या आजीत आणि मग आईत होता, असं पौलानं त्याला लिहिलेल्या पत्रात आहे. आजी लोईस, आई युनीके. वडील ग्रीक, म्हणजे त्या धर्मातले नव्हेत. लहानपणापासून त्याला शास्त्र ठाऊक होतं, असंही पुढे म्हटलंय. पण त्या दोघींनी ते शिकवलं कसं, जेवताना की निजवताना, याबद्दल एक अक्षर नाही! पौलाला स्वयंपाकघराची हकिगत लिहायची नव्हती, हे उघड आहे. आपल्याला मात्र नेमकी तीच हवी असते.

ती हकिगत आपल्या महाराष्ट्रात सापडते, पंडिता रमाबाईंच्या घरी. आणि गंमत म्हणजे तिची सुरुवात ख्रिस्ती घरात होत नाही.

रमाबाईंचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून बायकोला संस्कृत शिकवलं, आणि त्या लक्ष्मीबाईंनी आपल्या लेकीला. दिवसभर घरच्या कामाचा रगाडा. तेव्हा पहाटेचा वेळ धडे द्यायचा. झोपेतल्या मुलीला कुशीत घेऊन, लाडीगोडीनं जागं करायचं आणि बाहेर पाखरं बोलू लागली की श्लोक म्हणवून घ्यायचे. पुस्तक नाही, पाटी नाही. आईनं म्हणायचं, मुलीनं मागून म्हणायचं. मुलीला हजारो श्लोक पाठ झाले. पुढे दुष्काळात थोड्याच महिन्यांच्या अंतरानं आईवडील दोघेही गेले.

हीच मुलगी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये, वाँटेज इथे, ख्रिस्ती झाली. कडेवरच्या मनोरमेचाही बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला.

आता सांगा, लक्ष्मीबाई हरल्या का? पहाटे उठून ज्या देवाची गोडी लावली, तो देव तर लेकीनं सोडला. आपण आया असाच हिशेब मांडतो ना? पण त्यानंतर चार वर्षांनी, १८८७ साली, रमाबाईंनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ते पुस्तक कोणा बिशपला अर्पण केलेलं नाही, मदत करणाऱ्या अमेरिकन बायकांनाही नाही. आईला केलंय. आपल्या आयुष्याला उजेड दाखवणारी म्हणून आईचं ऋण तिथे मानलं आहे. धर्म बदलला, तरी त्या पहाटा पुसल्या गेल्या नाहीत. ज्या पाठांतरानं, ज्या भाषेच्या हुकमतीनं पुढे त्यांनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणलं, त्याचा पाया आईनं घातला होता. आमच्या मंडळीतल्या बायकांना मी हे सांगते तेव्हा काहीजणींना आवडत नाही. न आवडो; खरं आहे ते.

मग रमाबाई स्वतः आई म्हणून कशा वागल्या? मनोरमेला धर्माचं काय आणि किती शिकवायचं, यावरून वाँटेजच्या मठातल्या भगिनींशी त्यांचे बरेच खटके उडाले. तो पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपानं छापून निघाला आहे. परक्या देशात, त्यांच्याच आधारानं राहणारी एक तरुण विधवा त्यांना ठणकावते आहे, की मुलीची आई मी आहे, तिचं काय ते मी ठरवीन, आणि ती आपल्या देशातल्या माणसांना परकी होता कामा नये. ख्रिस्ती करायचं म्हणजे इंग्रज करायचं नव्हे, हे त्यांच्या मनात पक्कं होतं.

पुढे १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं आणि वर्षभरानं ते पुण्यात आणलं. तिथे हिंदू घरांतल्या विधवा मुली शिकत. धर्म शिकवायचा नाही, अशी अट होती. रमाबाई आपल्या खोलीत मनोरमेला जवळ घेऊन प्रार्थना करीत. दार मात्र उघडं असे. काही मुली येऊन बसू लागल्या. यावरून १८९३ साली पुण्यात केवढं वादळ उठलं! न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखे हितचिंतकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. मला त्या पालकांचाही राग येत नाही. विश्वासानं मुलगी पाठवली आणि ती दुसऱ्याच प्रार्थनेला बसू लागली, तर कुणाच्या पोटात कालवाकालव होणार नाही? पण आपल्याच लेकीबरोबर प्रार्थना करताना दार लावून घे, असं एका आईला सांगणंही सोपं नाही. दोन्ही बाजूंना काळजी पोरींचीच होती.

मनोरमा आईच्याच कामात राहिली. १९२१ साली ती वारली आणि पुढच्याच वर्षी रमाबाई गेल्या.

आता आपल्या काळात येऊ. आमच्या घरांत रात्री जेवणाआधी किंवा नंतर कुटुंबाची प्रार्थना असते. एक गीत, बायबलचा एक उतारा, मग एकेकाची प्रार्थना आणि शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना. निदान असायची. आता मुलांचे क्लास, यांची उशिराची गाडी आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. बऱ्याच घरांत हे सारं रविवारच्या शब्बाथ शाळेवर सोपवून आया मोकळ्या होतात. आठवड्यातून एक तास शाळेत आणि बाकी घरात नावही नाही, म्हणजे पोहायला शिकवणारा ठेवायचा पण पाण्यात उतरू द्यायचं नाही, त्यातली गत!

दुसरी अडचण भाषेची. मी शाळेत मराठी शिकवते, तेव्हा हे रोज पाहते. इंग्रजी माध्यमातली मुलं "आवर फादर" घडाघडा म्हणतात, पण मराठी बायबल पुढे ठेवलं की जोडाक्षरांशी अडखळतात. आजी मराठीत प्रार्थना करते आणि नातवंडं नुसतं "आमेन" म्हणतात. खरं तर आपल्याकडे श्रद्धा आली ती गाण्यातून. फादर स्टीफन्स जन्मानं इंग्रज. पण गोव्यात १६१६ साली त्यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी ओव्यांत, आणि ओव्या सुमारे अकरा हजार. जुनी पुराणं सुटलेल्या माणसांना म्हणायला काहीतरी हवं होतं, हे त्यांनी ओळखलं. तीन शतकांनी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ओवी-अभंगाच्या वळणानं भजनं रचली, ती आजही आमच्याकडे टाळ वाजवून म्हणतात. म्हणून मी म्हणते, वाचायला जमत नसेल तर आधी गाऊ द्या. पोळ्या लाटताना तुम्ही गुणगुणलात, तरी मुलांच्या कानावर पडतंच.

आणि एक, देवाला घरचा पोलीस करू नका. "खोटं बोललास तर देव बघतोय" हे सोपं असतं. पण मग देवाचं नाव निघालं की पोर अंग चोरतं. त्यापेक्षा त्यालाच स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करू द्या. सायकलसाठी करील, हरवलेल्या मांजरीसाठी करील. करू द्या. अवघड वेळ येते ती वेगळीच. आजोबांसाठी महिनाभर प्रार्थना केली, तरी ते का गेले? दहा वर्षांचं पोर हे विचारतं, तेव्हा पाठ केलेलं उत्तर देऊ नये. मलाही कळत नाही, असं म्हणून त्याच्याजवळ बसावं. रडायचं असेल तर बरोबर रडावं.

टिळकांच्या घरचीच गोष्ट पाहा. नवरा १८९५ साली ख्रिस्ती झाला, तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन वेगळ्या राहिल्या. पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, आल्या तरी आपली चूल त्यांनी वेगळीच ठेवली. टिळकांनी समजावलं, पत्रं लिहिली. जातिभेद माणसानंच केलाय हे जेव्हा त्यांचं त्यांना पटलं, तेव्हाच त्या वळल्या. "स्मृतिचित्रे"त हे सारं त्यांच्या खास हसऱ्या भाषेत आहे. वाचलं नसेल तर जरूर वाचा. एवढ्या मोठ्या कवीला जे बायकोच्या गळी उतरवता आलं नाही, ते आपण चौदा वर्षांच्या मुलाच्या गळी उतरवू पाहतो.

त्या वयात मुलगा एखाद्या रविवारी चादर डोक्यावर ओढून म्हणतो, "मी नाही येणार चर्चला." बाहेरची माणसं लगेच आईकडे बघतात. वडिलांकडे कोणी बघत नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल! अशा वेळी ओढून नेऊ नये आणि अबोलाही धरू नये, असं माझं मत आहे. आपण आपलं जावं. परत आल्यावर गरम जेवण वाढावं. रात्रीच्या प्रार्थनेत त्याचं नाव घ्यावं, पण टोमणा म्हणून नव्हे.

तान्हेपणी बाप्तिस्मा होतो, तेव्हा बाळाच्या वतीनं आईबापांनी उत्तरं दिलेली असतात. आमच्या बऱ्याच मंडळ्यांत मूल जाणतं झालं की दृढीकरण होतं. त्या दिवशी पाळकसाहेब तेच प्रश्न त्याला विचारतात. पांढरा शर्ट आईनं इस्त्री केलेला असतो, दहा आज्ञा आईनंच पाठ करून घेतलेल्या असतात. उत्तर मात्र त्याचं त्यालाच द्यायचं असतं, आणि आई मागच्या बाकावर, बाकीच्या बायकांबरोबर बसलेली असते.